दवाखान्यात माणूस भरती असेल तर एवढे विचारा

आजारी माणसाला तीन-चार दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शने चालू असतात. ताप उतरलेला असतो, घरचे जरा निर्धास्त झालेले असतात, आणि पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढतो. डॉक्टर औषध बदलतात. मग बाहेरच्या बाकावर नातेवाईक एकमेकांना सांगतात, की काकांना आता त्या औषधाची सवय झाली, शरीर औषध घेईना. धार असो की देवास, हे वाक्य मराठीत ऐकू येते तसे हिंदीतही. ते चूक आहे. काकांचे शरीर होते तसेच आहे. बदलले ते शरीरातले जंतू, आणि तेही दवाखान्यात, उपचार चालू असताना, तुम्ही उशाशी बसलेले असताना.

हा फरक पुस्तकी नाही. शरीराला सवय झाली असे धरले, की आपण म्हणतो, साहेब, आणखी जोरदार औषध द्या. जंतू बदलले असे धरले, की आपण विचारतो, कोणते जंतू आहेत, ते कशाने मरतील, आणि हे औषध किती दिवस द्यायचे. धार-देवासच्या माझ्या मराठी बांधवांना मला एवढेच सांगायचे आहे, की पहिली मागणी सोडा आणि हे प्रश्न विचारायला लागा. का, ते जरा विस्ताराने सांगतो.

देवासकरांना तरी या गोष्टीची सुरुवात परकी वाटू नये. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे, क्षयासाठी. तेविशीतला गवई, मुंबईत नाव गाजत असलेला, आणि गाणे बंद. माळव्याची कोरडी हवा मानवेल, हा त्या वेळचा सल्ला. हवा, आहार, विश्रांती आणि नशीब यापलीकडे क्षयाला तेव्हा फारसा इलाजच नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेत १९४३ मध्ये सापडले होते, पण ते आपल्याकडे मिळू लागायला वर्षे गेली. १९५२ च्या सुमारास कुमारांना ते मिळाले. पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा होतीच. एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेले, तरी १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले आणि पुढे जवळजवळ चार दशके गायले. त्या गाण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते त्या औषधाबद्दल.

कुमार देवासला आले त्याच वर्षी, १९४८ च्या ऑक्टोबरात, ब्रिटनमधल्या वैद्यकीय संशोधन मंडळाने स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. औषध इतके तुटपुंजे होते, की सगळ्यांना देणे शक्यच नव्हते. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली होती: ५५ रुग्णांना औषध आणि खाटेवर विश्रांती, ५२ रुग्णांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४ जण दगावले होते, दुसऱ्यातले १४. औषध गुणकारी आहे यात शंका उरली नाही. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. औषध घेणाऱ्यांपैकी ४१ जणांच्या थुंकीतले जंतू वेळोवेळी तपासले गेले, आणि त्यातल्या ३५ जणांचे जंतू उपचार चालू असतानाच औषधाला दाद देईनासे झाले. बहुतेकांच्या बाबतीत हे दुसऱ्याच महिन्यात घडले.

हे रुग्ण औषध चुकवणारे नव्हते. ते इस्पितळात खाटेवर होते, परिचारिका वेळेवर इंजेक्शन देत होत्या, डोस बरोबर होता. तरीही पाच वर्षांनी हिशेब केला, तेव्हा औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५ माणसे गेलेली होती. सहा महिन्यांत दिसलेला तो मोठा फरक जवळजवळ पुसला गेला होता. औषधाला दाद न देणारे जंतू फक्त अर्धवट औषध घेणाऱ्यांच्या अंगात तयार होतात, असे आपल्याला शाळेपासून सांगितलेले असते. तो समज ४१ पैकी ३५ हा आकडा मोडीत काढतो.

मग झाले काय? फुप्फुसात क्षयाने पोखरलेली एक पोकळी असली, तरी तिच्यात कोट्यवधी जंतू असतात. जंतू दुभागून वाढतो, आणि दर वेळी आपल्या जनुकांची नक्कल काढतो. नक्कल काढताना कधीमधी चूक होते. बहुतेक चुका जंतूला निरुपयोगी किंवा घातक असतात. पण दहा लाखांत किंवा काही कोटींत एखादी चूक अशी होते, की औषध ज्या जागी चिकटून जंतूला मारते ती जागाच थोडी बदलते. असा जंतू औषध येण्याआधीपासून तिथे असतो. औषध त्याला घडवत नाही, त्याच्या भोवतालचे बाकीचे सगळे मारून टाकते. मग त्याला अन्न मोकळे, जागा मोकळी. आधी ताप उतरतो, कारण मरणारे खूप असतात. पुन्हा चढतो, कारण उरलेला वाढलेला असतो.

जंतू औषध पाहून शिकतो की आधीच वेगळा असतो, यावर शास्त्रज्ञांतही वाद होता. अमेरिकेतल्या एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जोडप्याने १९५२ मध्ये तो मखमलीच्या तुकड्याने मिटवला. एका बशीत वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यांवर त्यांनी मखमल दाबली आणि तोच ठसा औषध घातलेल्या बशीत उमटवला. दुसऱ्या बशीत जिथे जंतू तगले, त्याच जागचे जंतू पहिल्या बशीतून उचलून तपासले. त्या जंतूंना औषधाचा वासही लागलेला नव्हता, तरी तग धरणारे त्यांच्यातच सापडत होते. इतके साधे साहित्य आणि इतके पक्के उत्तर विज्ञानात वारंवार मिळत नाही.

माळव्यातल्या सोयाबीनवाल्याला हे मखमलीवाचूनही कळते. एकच फवारा वर्षानुवर्षे मारला की अळी मरेनाशी होते. तो ‘अळी शहाणी झाली’ असे म्हणत असेल, पण करतो मात्र बरोबर: औषध बदलतो.

क्षयाच्या डॉक्टरांनी बदलण्यापेक्षा जोडण्याची वाट धरली. ब्रिटनमध्येच पुढच्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पॅस हे दुसरे औषध एकाच वेळी दिले, आणि दाद न देणारे जंतू फारच थोड्या रुग्णांत उरले. हिशेब सरळ आहे. एका औषधातून सुटणारा जंतू लाखांत किंवा कोटींत एक, दुसऱ्यातून सुटणाराही तसाच. दोन्हींतून एकदम सुटणारा हवा असेल, तर त्या दोन संख्यांचा गुणाकार करावा लागतो, आणि तेवढे जंतू माणसाच्या छातीत मावत नाहीत. कुमारांना औषध मिळाले तोवर हा धडा जगापुढे छापून आलेला होता.

आज सरकारी दवाखान्यात क्षयासाठी मिळणाऱ्या गोळीत एकाहून जास्त औषधे एकत्र असतात, त्याचे मूळ इथे आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, आणि वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या. ती संख्या कमी करायची नाही. मळमळते म्हणून अर्ध्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, बरे वाटते म्हणून तिसऱ्या महिन्यात थांबायचे नाही. डोळ्यांना अंधुक दिसले, कावीळ झाली, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषध कमी करायचे की बदलायचे हे ते ठरवतील. क्षयाच्या बाबतीत ‘पूर्ण कोर्स’ हा नियम अक्षरशः पाळायचा, त्यात सूट नाही. आणि सुरुवातीलाच जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते तपासून घ्या. रिफाम्पिसिन चालेल की नाही हे सांगणारी तपासणी जिल्हा रुग्णालयात फुकट होते, आणि तिचे उत्तर यायला काही तास लागतात, महिने नव्हे.

धार जिल्ह्यासाठी याला आणखी एक किनार आहे. धार, झाबुआ, अलीराजपूरकडचे मजूर गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि छातीत दगडाची भुकटी घेऊन परतले. सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतो आणि चिवटपणे राहतो. त्यात हा माणूस कामासाठी फिरता. औषध धारला सुरू, मजुरी सुरतेला किंवा अहमदाबादला, आणि मधले दीड महिने कोरडे. तुमच्या शेतावर, बांधकामावर, घरकामाला असा कोणी असेल तर त्याला एवढे सांगा: सरकारी क्षय-नोंदणीचा, ‘निक्षय’चा क्रमांक असलेला कागद जवळ ठेव, तो दाखवलास की दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या राज्याच्या सरकारी दवाखान्यातही हेच उपचार पुढे चालू राहतात. आहारासाठी महिन्याला मिळणारी रक्कम १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली आहे, तीही त्याच्या खात्यात येते का ते बघा. पगार देणाऱ्याने एवढी चौकशी केली तर त्याचे काही बिघडत नाही.

ढिलाई झाली की काय होते, तेही मराठी मुलखात दिसलेले आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास असे क्षयरुग्ण जगापुढे आणले, ज्यांच्या जंतूंवर तेव्हा तपासता येणारे कोणतेच औषध चालत नव्हते. मोठी खळबळ उडाली, अशा क्षयाला काय म्हणावे यावरून वाद झाले. त्या रुग्णांना आधी वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी, अपुरी औषधे लिहून दिली होती, हा मुद्दा त्या वादाखाली दबला.

इथवर क्षयाबद्दल बोललो. आता दुसरी बाजू, आणि ती थोडी उलटी आहे, म्हणून नीट वाचा.

न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पोटाचे ऑपरेशन, अपघात, बाळंतपण, अशा कारणाने माणूस भरती होतो. त्याला दिलेले अँटिबायोटिक फक्त आजाराच्या जंतूपर्यंत जाते असे नाही. ते आतड्यात जाते, त्वचेवर, घशात जाते. आपल्या आतड्यात कित्येक प्रकारचे जंतू सुखाने राहतात, आणि तेच परक्यांना जागा मिळू देत नाहीत. औषधाने ते मेले की मोकळ्या झालेल्या जागेत औषधाला न जुमानणारे येऊन बसतात. काही आधीपासून अल्प संख्येने असतात, काही शेजारच्या खाटेवरून हातांनी, नळ्यांनी, थर्मामीटरने येतात. क्षयात निवड होते ती आजाराच्या जंतूंतून. इथे निवड होते त्यांच्यातूनही, आणि आजाराशी संबंध नसलेल्यांतूनही. म्हणून इथे औषध जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त. ‘दोन दिवस आणखी चालू ठेवा साहेब, काळजी नको,’ ही मागणी नातेवाईक प्रेमापोटी करतात, पण ती रुग्णाच्या फायद्याची नसते.

जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीच्या रुग्णांत एक विचित्र गोष्ट दिसली. शिगेला नावाचे जंतू चार-चार औषधांना एकदम दाद देईनासे झाले. एकेका चुकीच्या हिशेबाने हे जमणारे नव्हते. १९५९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय आपल्याजवळचा जनुकांचा एक छोटा गोल तुकडा शिगेलाला देऊन टाकतो, आणि त्या एका तुकड्यावर अनेक औषधांचा तोड असतो. दोन वेगळ्या जातींचे जंतू, रुग्णाच्या पोटात, उपचार चालू असताना हा व्यवहार करतात. तेव्हापासून ‘हा जंतू साधा आहे, त्याचे काय’ असे म्हणायची सोय राहिली नाही. साध्या जंतूकडून घातक जंतूकडे हा तुकडा जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. एन्टरोबॅक्टर नावाच्या जंतूजवळ सेफ्ट्रियाक्सोनच्या घराण्यातली औषधे फोडणारे विकर असते. एरवी तो ते अगदी थोडे बनवतो, म्हणून तपासणीत ‘औषध चालेल’ असे येते. पण त्यांच्यातले काही ते सतत भरपूर बनवतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, १९९१ मध्ये छापलेल्या, रक्तात हा जंतू असलेल्या ३१ रुग्णांना अशी औषधे दिली, आणि त्यातल्या ६ जणांचे जंतू उपचार चालू असतानाच बदलले. पहिला रिपोर्ट बरोबर होता. पुढे तो खोटा ठरला. म्हणून ताप परत आला तर जुन्या रिपोर्टवर विसंबून न राहता पुन्हा तपासणी पाठवावी लागते.

हे सगळे समजून घेऊन घरच्या माणसाने काय करावे? डॉक्टरांना शहाणपण शिकवायचे नाही, हे आधी सांगतो. इंटरनेटवर वाचून औषधाचे नाव सुचवणारा नातेवाईक कोणत्याही डॉक्टरला नकोसा होतो, आणि त्याचा राग रास्त आहे. पण काही माहिती फक्त तुमच्याजवळ असते आणि काही प्रश्न फक्त तुम्ही विचारू शकता.

पहिले, आधीच्या औषधांची माहिती. आपल्याकडचा नेहमीचा प्रवास बघा. गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे दोन दिवस, मग धारच्या किंवा देवासच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस, तब्येत बिघडली की ‘इंदूरला न्या’. देवासहून इंदूर तासाभरावर, धारहून त्याहून जरा लांब. गाडीची धावाधाव, पैशांची जमवाजमव, आयुष्मान कार्डाची शोधाशोध, आणि या गडबडीत आधीचे परचे राहून जातात. इंदूरला, सरकारी एमवाय रुग्णालय असो की खासगी, रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, आधी काय दिले? उत्तर येते, ‘इंजेक्शन दिली होती, बॉटल चढवल्या होत्या.’ एवढ्यावर तो काय करणार? रुग्ण गंभीर असतो, म्हणून तो सुरुवातच वरच्या पायरीच्या औषधाने करतो. तुमच्याजवळ नावे आणि तारखा असत्या तर कदाचित तशी गरज पडली नसती, किंवा आधी दिलेलेच पुन्हा दिले गेले नसते. तेव्हा औषधाच्या रिकाम्या कुप्या आणि पट्ट्या टाकू नका, त्यांचे मोबाइलवर फोटो काढा. गेल्या तीन महिन्यांत कोणते अँटिबायोटिक झाले, कुठे भरती केले होते, कशाची ॲलर्जी आहे, एवढे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. ज्या घरात साठीपुढची माणसे आहेत त्या घरात हा कागद आधीच तयार हवा.

दुसरे, कल्चर. रक्त, लघवी, थुंकी किंवा जखमेतला पू प्रयोगशाळेत वाढवून कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाने मरतो ते बघायचे, ही ती तपासणी. शक्य असेल तेव्हा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचा असतो, नाही तर जंतू बशीत उगवतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. पण रक्तदाब पडलेला, शुद्ध हरपत चाललेली असेल तर औषधाला उशीर होऊ द्यायचा नाही. नमुना घेण्यासाठी अडून बसू नका. अशा वेळी तास मोलाचे असतात. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात आणि ते बरोबरच आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा रिपोर्ट येतो, फाइलमध्ये लावला जातो आणि अंदाजाचे औषधच पुढे चालू राहते. म्हणून तिसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी नम्रपणे विचारा, हिंदीतच विचारा, कारण तिथे तीच चालते: ‘सर, कल्चर भेजा था, रिपोर्ट आई क्या? उसके हिसाब से दवाई कम हो सकती है क्या?’ हे दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे. औषध वाढवता येईल का, असे सगळेच विचारतात. कमी करता येईल का, असे विचारणारा नातेवाईक दिसला की चांगला डॉक्टर खुश होतो. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे ‘एस’ आणि ‘आर’ लिहिलेले असते. ‘एस’ म्हणजे चालते, ‘आर’ म्हणजे चालत नाही. सगळ्यात महाग तेच चांगले असे काही नाही. साध्या औषधापुढे ‘एस’ असेल तर बहुधा तेच पुरते.

तिसरे, नळ्या. हातातली सलाइनची सुई, लघवीची नळी, मानेतली लाइन, घशातली व्हेंटिलेटरची नळी. प्रत्येक नळी ही जंतूंना आत यायची वाट असते, आणि तिच्या पृष्ठभागावर जंतू असा थर करून बसतात, की औषध त्यात नीट शिरत नाही. लघवीची नळी पुष्कळदा गरज संपल्यावरही दोन दिवस तशीच राहते, कारण ती सगळ्यांच्याच सोयीची असते. रुग्णाला उठवून न्यावे लागत नाही, चादर भिजत नाही. रोज सकाळी सिस्टरना विचारा, ‘आज निकाल सकते हैं क्या?’ काढली तर उठवून नेण्याचे कष्ट आपण घेऊ, असेही सांगा. औषधाशिवाय संसर्ग टाळायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आणि हात. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हा धर्म आहे, आणि मराठी माणूस माळव्यात तीनशे वर्षे राहून त्यात अधिकच पक्का झाला आहे. मावशी येते, तिच्या जावा येतात, कुणी पोह्यांचा डबा आणतो, कुणी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचीही चौकशी करतो, त्याची उशी सरळ करतो, आणि त्याच हाताने आपल्या काकांच्या सलाइनची पट्टी चाचपतो. दया चांगली, हात धुतलेले असले तर आणखी चांगली. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबण किंवा स्पिरिटचे द्रव. डॉक्टर-सिस्टरनीही तेच करावे, आणि केले नसेल तर तसे सांगायला हरकत नाही. अतिदक्षता विभागात एका वेळी एकच जण, तोही खाटेवर न बसता. ज्यांना आत जाता येत नाही त्यांनी रागावू नये.

आता घरातले. सर्दी, घसा खवखवणे, बहुतेक साधे ताप विषाणूंचे असतात. अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही, फक्त आतड्यातल्या जंतूंची छाननी करते. पुढच्या महिन्यात तुम्ही भरती व्हाल तेव्हा ती छाननी झालेले जंतूच तुमच्याबरोबर भरती होतील. दोनशे रुपयांत इंजेक्शन आणि बॉटल देणाऱ्या झोलाछापाला या हिशेबाशी देणेघेणे नाही. मेडिकलवाल्याला मात्र असायला हवे, कारण कायदाच आहे. १ मार्च २०१४ ला सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम आणि क्षयाची औषधे धरून ४६ औषधे ‘एच-१’ या यादीत आली. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे सांभाळायची. ‘भाऊ, घसा धरलाय, एक पट्टी दे’ म्हणून ओळखीवर मागणारे आपणच असतो. त्याने नाही म्हटले तर दुसऱ्या दुकानात जाऊ नका. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, की चिठ्ठीवाचून ती घ्यायची नाही, एवढे पोरांनाही शिकवता येते.

ही औषधे आपल्यापासून लांब कुठे तयार होतात असेही नाही. धार जिल्ह्यातले पीथमपूर आणि देवासची औद्योगिक वसाहत, दोन्हीकडे औषधांचे मोठे कारखाने आहेत आणि आपल्यातली कित्येक घरे त्यांवर चालतात. शेजारच्या उज्जैनला आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाने स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेबरोबर याच विषयावर वर्षानुवर्षे काम केले, आणि इस्पितळाच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक सापडते हे दाखवले. जंतूंच्या औषधविरोधाला आवर घालायचा राज्य कृती आराखडा मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये केला, केरळनंतर लगेच. त्याच २०१९ साली औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे गेली, असा अंदाज आहे. आराखडा भोपाळला आहे, खाट धारला आणि देवासला. मधले अंतर कागदाने भरत नाही, म्हणून तर हे तुम्हाला लिहीत आहे.

किती दिवस औषध घ्यायचे, हा प्रश्न उरला. क्षय सोडला तर पुष्कळ साध्या संसर्गांत पाच-सात दिवस पुरतात, कधी त्याहूनही कमी. काही आजारांत, हाडाच्या किंवा हृदयाच्या झडपेच्या संसर्गात, कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे दहा दिवसांचा एक ठरीव आकडा मनात धरू नका, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबूही नका. लिहून देतानाच विचारा, किती दिवस, आणि शेवटची तारीख कोणती. ती तारीख परच्यावर लिहून घ्या. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी फडताळात ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका, मोरीत टाकू नका. दुकानदाराला किंवा दवाखान्याला विचारून परत करता आल्या तर करा.

आणि छुट्टीच्या दिवशी घाई करू नका. त्या दिवशी सगळ्यांना घरी जायची ओढ असते, बिल, गाडी, प्रसाद यांत अर्धा दिवस जातो. डिस्चार्जच्या कागदावर कोणता जंतू सापडला, कोणती अँटिबायोटिक किती दिवस दिली आणि कल्चरचा रिपोर्ट काय, हे आहे का ते बघा. नसेल तर लिहून मागा, रिपोर्टची प्रत घ्या. औषधाला दाद न देणारे जंतू घरी परतल्यावरही आतड्यात कित्येक महिने राहू शकतात, काही त्रास न देता. घरात त्यासाठी कुणाला वेगळे ठेवायची, ताट-वाटी निराळी करायची गरज नाही, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुतले की पुरे. पण सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा भरती करावे लागले, मग ते धारला असो, देवासला की इंदूरला, तर नाव सांगण्याआधी हा कागद डॉक्टरच्या हातात द्या.